रुळाखालची माती किती भार सोसते?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



अभ्यासवर्गात आपण वेतन, पेन्शन, रिक्त पदे, बदल्या यांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. आज मात्र मी मातीवर बोलणार आहे. मातीवर काय बोलायचे, ती तर रोज पायाखाली असते, असे कुणाला वाटेल. ती पायाखाली असते म्हणूनच बोलायचे.

गाडी रुळावर चालते. रूळ स्लीपरवर, स्लीपर खडीवर, खडी भरावावर आणि भराव मूळ जमिनीवर. या उतरंडीत सगळा भार शेवटी येतो तो मातीवर. टपालाच्या थैल्या याच उतरंडीवरून गावोगाव जातात. पोस्टाची इमारत आणि आपले क्वार्टर हेही मातीवरच उभे असतात. रुळाला भेग पडली आहे का, हे अल्ट्रासोनिक यंत्राने नियमित पाहिले जाते. चाके तपासतात, पूल तपासतात. मातीची तपासणी बहुधा बांधकामाआधी एकदा होते आणि तिचा कागद फाइलीत जातो. पुढची कित्येक वर्षे त्या मातीवर काम करणाऱ्या माणसाला तो कागद कधी दिसत नाही.

मला आज एवढेच सांगायचे आहे. मातीची ताकद मोजता येते आणि ती मोजण्याची पद्धत साधी आहे. पण तो आकडा ज्या दिवशी, ज्या ओलाव्यात काढला, त्या स्थितीपुरताच खरा असतो. म्हणून तो आकडा कामगाराला कळला पाहिजे, आणि कामगाराने जागेवर पाहिलेले आकडा काढणाऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

ही विद्या रेल्वेच्या अपघातांतून वाढली

मातीच्या ताकदीचा पद्धतशीर अभ्यास विद्यापीठातच सुरू झाला असे समजू नका. त्यात रेल्वेचा मोठा वाटा आहे. स्वीडनमध्ये मऊ चिकणमातीवरून रेल्वेमार्ग गेले आणि भराव घसरू लागले. शेवटी स्वीडिश सरकारी रेल्वेने १९१३ च्या अखेरीस एक भूतांत्रिक समिती नेमली. वोल्मार फेलेनियस हे तिचे अध्यक्ष होते. समितीचे काम चालू असतानाच, १ ऑक्टोबर १९१८ रोजी, नॉरशोपिंग शहराजवळ येटो येथे रेल्वेचा भराव घसरला. प्रवासी गाडी खाली कोसळली, लाकडी डबे पेटले आणि चाळीसहून अधिक माणसे गेली.

त्या समितीने शेकडो ठिकाणी जमिनीत छिद्रे घेतली आणि हजारो नमुने तपासले. मातीच्या नमुन्यावर ठरावीक वजनाचा टोकदार शंकू सोडायचा आणि तो किती खोल रुततो ते पाहायचे, अशी सोपी चाचणी समितीचे चिटणीस जॉन ऊल्सन यांनी बसवली. समितीचा अंतिम अहवाल १९२२ साली आला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, कार्ल टेर्झागी यांचा मृद्‌यांत्रिकीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयाला शास्त्राचे रूप आले. त्याआधीची किंमत मात्र गाडीतल्या माणसांनी चुकती केली होती.

आपल्या देशातही हा विषय जुना झालेला नाही. २०२२ च्या ३० जूनला, २९ तारखेच्या रात्रीनंतरच्या पहाटे, मणिपूरमध्ये तुपुल येथे जिरिबाम–इंफाळ या नव्या मार्गाच्या कामाच्या जागी डोंगराचा उतार पावसात कोसळला. प्रादेशिक सेनेचे जवान, रेल्वेच्या बांधकामावरचे कामगार आणि गावकरी मिळून पन्नासहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांतले कित्येक झोपेत होते.

चाचणी कशी करतात

चिकणमातीची ताकद मोजण्याच्या अनेक चाचण्या आहेत. त्यांतली सर्वांत सोपी म्हणजे मोकळ्या नमुन्याची दाबचाचणी. भारतीय मानक आय.एस. २७२० च्या दहाव्या भागात तिची पद्धत दिली आहे. 'मोकळा' यासाठी म्हणायचे की नमुन्याला बाजूने कसलाही आधार नसतो. वरून दाब द्यायचा आणि तो कधी मोडतो ते पाहायचे.

पहिली पायरी नमुन्याची. फावड्याने उकरलेले ढेकूळ इथे चालत नाही. जमिनीत छिद्र घेऊन, पातळ भिंतीची पोलादी नळी हव्या त्या खोलीवर दाबून माती जशीच्या तशी वर काढतात. नळीची दोन्ही तोंडे मेणाने बंद करतात, म्हणजे ओलावा उडत नाही. नळीवर जागा, खोली आणि तारीख लिहितात. ही चिठ्ठी लिहायला कंटाळा केला, तर पुढचे सगळे काम फुकट.

प्रयोगशाळेत नळीतून मातीचा दंडगोल काढतात. नेहमीचे माप ३८ मिलिमीटर व्यास आणि ७६ मिलिमीटर उंची, म्हणजे उंची व्यासाच्या दुप्पट. तो यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये उभा करतात. हँडल सावकाश फिरवायचे. दर मिनिटाला नमुन्याची उंची अर्धा ते दोन टक्के कमी व्हावी, एवढाच वेग. एक गोल कडे, त्याला प्रूव्हिंग रिंग म्हणतात, भार दाखवते. डायल गेज उंची किती घटली ते दाखवतो. भार वाढत जातो, एका क्षणी थांबतो आणि उतरू लागतो. तो सर्वांत मोठा भार म्हणजे मातीने दिलेले उत्तर. मऊ माती मोडतच नाही, नुसती दबत जाते. तेव्हा उंची वीस टक्के घटल्यावर थांबतात आणि तिथला भार धरतात.

मोडण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी असते. घट्ट माती तिरकी चिरली जाते, जणू सुरीने कापली. मऊ माती मध्येच फुगून पिंपासारखी होते. भराव घसरतो तेव्हा आतल्या आत हेच होत असते. मातीचा एक भाग दुसऱ्या भागावरून तिरका सरकतो.

हिशेब आपण इथेच करू. ३८ मिलिमीटर व्यासाच्या नमुन्याचे क्षेत्रफळ ११.३४ चौरस सेंटिमीटर. समजा, १० किलो भाराला तो मोडला आणि तोवर उंची दहा टक्के घटली होती. दबताना नमुना जाड होतो, म्हणून ११.३४ ला ०.९ ने भागायचे. आले १२.६ चौरस सेंटिमीटर. आता १० भागिले १२.६, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.७९ किलो. ही त्या मातीची दाबताकद. तिचे निम्मे, म्हणजे सुमारे ०.४ किलो, ही मातीची आतली पकड. घसरायला विरोध करते ती ही पकड.

हा हिशेब सातवी शिकलेला माणूस करू शकतो. ही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची आहे, असे कुणी सांगितले तर ऐकू नका.

आकडा काय सांगतो

दाबताकद दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोपेक्षा कमी असेल तर ती अति मऊ माती. मूठ आवळली की बोटांतून बाहेर येते. पाव ते अर्धा किलो म्हणजे मऊ. बोटांनी सहज मळता येते. अर्धा ते एक किलो म्हणजे मध्यम. अंगठा जोर लावल्यावर आत जातो. एक ते दोन किलो म्हणजे घट्ट. अंगठ्याचा नुसता ठसा उमटतो. दोन ते चार म्हणजे फार घट्ट. चारच्या वर कठीण. नखाने ओरखडा काढायलाही कष्ट पडतात.

अंगठ्याची परीक्षा म्हणजे चाचणी नव्हे, पण शंका यायला ती पुरते. शंका आली की यंत्राकडे जावे.

रेल्वेची लखनौ येथील संशोधन संस्था, आर.डी.एस.ओ., हिच्या भरावाविषयीच्या सूचनांतही पकडीची सीमारेषा दिली आहे. मूळ जमिनीची पकड सुमारे पाव किलोपेक्षा, म्हणजे दाबताकद अर्ध्या किलोपेक्षा, कमी असेल तर आधी जमीन सुधारावी लागते. पाणी निघून जायला उभे निचरे द्यायचे, खडीचे खांब घालायचे, किंवा भराव टप्प्याटप्प्याने चढवून प्रत्येक टप्प्यात माती दबून घट्ट होऊ द्यायची. या शेवटच्या उपायाला वेळ लागतो, आणि उद्घाटनाची तारीख जवळ आली की पहिली कात्री लागते ती या वेळेला.

दोन हिशेब: चर आणि भराव

आता हा आकडा कामाच्या जागी नेऊ. समजा, जमिनीची दाबताकद ०.४ किलो आहे. दर चौरस मीटरला बोलायचे तर ४ टन, आणि पकड २ टन. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १.८ टन धरू.

पहिला हिशेब चराचा. केबल टाकायला किंवा नाल्यासाठी उभ्या भिंतींचा चर खणतो. पुस्तकातले सूत्र सांगते, पकडीच्या चौपटीला मातीच्या वजनाने भागा. चार गुणिले दोन, भागिले १.८, म्हणजे ४.४ मीटर खोलीपर्यंत भिंत उभी राहील. हे ऐकून कुणी तीन मीटरच्या चरात निर्धास्त उतरेल. पण चराच्या काठाला वरून उभ्या भेगा पडतात. त्या धरल्या की चौपटीच्या जागी २.६७ पट येते आणि खोली ४.४ वरून तीन मीटरवर घसरते. आता रात्री पाऊस पडला आणि मातीची ताकद निम्मी झाली. खोली राहिली दीड मीटर. भेगेत पाणी साठून त्याने भिंतीला रेटले, तर तीही राहत नाही. काल संध्याकाळी तीन मीटर उभी असलेली भिंत आज सकाळी पहिला माणूस उतरताना कोसळते, ती अशी. माती तीच, चर तोच, फक्त आकडा बदललेला असतो.

घनमीटरभर ओली माती म्हणजे जवळजवळ दोन टन. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे डोके बाहेर असले तरी त्याला श्वास घेता येत नाही. म्हणूनच खोदकामाच्या सुरक्षिततेचे मानक, आय.एस. ३७६४, सांगते की मातीत दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार दिलाच पाहिजे. हा नियम घोटून पाठ करा. कायदे बदलतात, त्यांच्या जागी संहिता येतात. मातीचे वजन बदलत नाही.

दुसरा हिशेब भरावाचा. मऊ जमीन स्वतःच्या पकडीच्या सुमारे ५.१४ पट भार सोसते, त्यानंतर बाजूला सरकते. दोन टन पकडीला १०.३ टन. सहा मीटर उंच भरावाचा दाब सहा गुणिले १.८, म्हणजे १०.८ टन. गाडी यायच्या आधीच जमीन हरली. दीडपट सुरक्षितता ठेवायची तर भराव ३.८ मीटरच्या पुढे नेता येत नाही. हा ढोबळ हिशेब आहे. अभियंते बारकाईने, घसरणीचे वर्तुळ काढून करतात, आणि त्या वर्तुळाच्या पद्धतीमागेही स्वीडनचेच काम आहे. पण एवढ्या ढोबळ हिशेबानेही कळते की पाव-अर्ध्या किलोच्या फरकावर किती माणसांचे प्राण टांगलेले असतात.

आकडा कुठे फसवतो

चाचणी खोटे बोलत नाही, पण विचारले तेवढेच सांगते. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, ओलावा. आपल्या दख्खनची काळी माती घ्या. मे महिन्यात तिच्यात कुदळ शिरत नाही आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी घोट्यापर्यंत पाय रुततो. उन्हाळ्यात घेतलेल्या, वाटेत सुकलेल्या नमुन्याचा आकडा भरघोस येतो. त्या आकड्यावर पावसाळ्यातला भराव उभा करणे म्हणजे बैलपोळ्याला सजवलेला बैल पाहून नांगराचा अंदाज बांधणे. अहवालात ताकदीच्या शेजारी ओलाव्याचा टक्का आणि नमुन्याची तारीख नसेल, तर तो अहवाल अर्धाच आहे.

दोन, हाताळणी. ट्रकमध्ये आदळलेला, नळीतून काढताना मुरडलेला नमुना कमी ताकद दाखवतो. काही मातींत जशीच्या तशी आणि मळलेली यांत अनेक पटींचा फरक पडतो. जागेवर ती उभी असते, पण एकदा ढवळली की पातळ होते.

तीन, काळ. ही चाचणी मातीची आजची, झटपट भार आला तर असणारी ताकद सांगते. कटिंगचे तसे नसते. माती काढून टाकल्यावर उरलेल्या मातीवरचा दाब कमी होतो, ती वर्षानुवर्षे हळूहळू पाणी ओढते आणि नरमते. लंडनच्या चिकणमातीतील कटिंग्जचा अभ्यास अॅलेक स्केम्प्टन यांनी १९६४ च्या व्याख्यानात मांडला. नॉर्थोल्टचे कटिंग १९ वर्षांनी घसरले आणि सडबरी हिलचे ४९ वर्षांनी. म्हणजे ज्याने कटिंग खणले तो निवृत्त झाला, आणि घसरले ते त्याच्या मुलाच्या नोकरीत.

चार, माती कोणती. वाळूचा मोकळा दंडगोल उभाच राहत नाही, तिला ही चाचणी लागू नाही. मुरूम आणि खडकाचेही तसेच. कोकणात २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. तिथे प्रश्न दगडांचा होता. कड्याची पाहणी, जाळ्या, गस्त आणि वेगमर्यादा हे तिथले उपाय. एका चाचणीने सगळी दुखणी कळत नाहीत.

टपालातील बांधवांसाठी

आमचा आणि भरावाचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. ज्या गावात काळी माती आहे तिथल्या पोस्टाच्या जुन्या इमारती आठवा. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. उन्हाळ्यात तिच्यात बोट जाते, पावसाळ्यात ती मिटते. प्रशासन गिलावा मारते आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा हजर. दोष गिलाव्यात नाही. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आकसते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो.

इथे दाबताकद पुरत नाही, फुगवट्याची चाचणीही मागा. ती तर आणखी सोपी आहे. कोरडी, चाळलेली दहा ग्रॅम माती एका मोजनळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकायची. चोवीस तासांनी पाहायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक म्हणजे मातीचा स्वभाव. अशा मातीत पाया ओलावा न बदलणाऱ्या खोलीपर्यंत, साधारणपणे साडेतीन मीटर, न्यावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने त्यासाठी तळाशी फुगीर केलेले खांब रुळवले. क्वार्टरच्या दुरुस्तीचे निवेदन देताना 'भिंतींना तडे गेले आहेत' एवढेच लिहू नका. 'मातीची फुगवटा-चाचणी करावी व पायाचा उपाय ठरवावा' असे लिहा. मग उत्तर गिलाव्याने देता येत नाही.

आपण काय करायचे

प्रयोगशाळा त्यांच्याकडे आहे, पण बाराही महिने जमीन पाहणारे डोळे आपल्याकडे आहेत. गँगमधला माणूस जे पाहतो ते कुठल्याही यंत्राला दिसत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा पॅकिंग करावे लागते. खडीतून चिखल वर येतो. भरावाच्या काठाला रुळासमांतर भेग पडते. पायथ्याची जमीन उचलली जाते. खांब कलतो. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी एक जागा ओलीच राहते. यांतले प्रत्येक लक्षण मातीची पकड कमी झाल्याचे असू शकते. तोंडी सांगून सोडू नका. किलोमीटर, तारीख आणि लक्षण डायरीत लिहा, वरिष्ठांना लेखी द्या आणि एक प्रत शाखेकडे ठेवा.

शाखांनी सुरक्षा बैठकांत या मागण्या ठेवाव्यात:

पहिली, नवा भराव, दुहेरीकरण किंवा खोल खोदाई सुरू करण्याआधी माती-अहवालातील खोली, ओलावा, ताकद आणि नमुन्याची तारीख हे चार आकडे मराठीत वा स्थानिक भाषेत कामाच्या जागी फलकावर लावावेत.

दुसरी, ज्या जागा गँगच्या डायरीत वारंवार येतात तिथले नमुने पावसाळ्यात, माती भिजलेली असताना पुन्हा घ्यावेत.

तिसरी, दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराशिवाय कुणालाही उतरवू नये, आणि रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी जबाबदार अधिकाऱ्याने पाहणी केल्याशिवाय काम सुरू करू नये.

चौथी, धोका दिसला म्हणून काम थांबवणाऱ्यावर कारवाई होऊ नये.

आणि या मागण्या कंत्राटी कामगारांसाठीही आहेत. चरात बहुतेक वेळा तेच उतरतात. तो आपला सभासद आहे की नाही हे माती विचारत नाही, आपणही विचारू नये.

यांतली कोणतीही मागणी तिजोरी रिकामी करणारी नाही. ज्या यंत्राबद्दल मी बोललो ते हाताने फिरते, त्याला वीजही लागत नाही, आणि एक चाचणी चहाच्या सुट्टीत पुरी होते. लागते ती नमुना नीट घेण्याची शिस्त, आणि आकडा अडचणीचा आला तरी तो लपवायचा नाही, हा निश्चय.

माझे बोलणे इथे थांबवतो. ट्रॅकवरच्या बांधवांनी आता आपापल्या सेक्शनमधल्या वारंवार दबणाऱ्या जागा सांगाव्यात. फळ्यावर त्यांची यादी करू आणि पहिले निवेदन इथेच तयार करू.